यंत्रं यायच्या आधी माणसं घ्या : विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांच्या संचालकांना खुलं पत्र

सन्माननीय संचालक मंडळ,
सप्रेम नमस्कार.

आपण कारखाना वाढवताय याचा मला मनापासून आनंद आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून मी विस्ताराच्या विरोधात आहे असा कुणाचा समज व्हायला नको. माझं कामाचं सगळं आयुष्य विमानांच्या सुट्या भागांच्या तपासणीत गेलं. डीबरिंगच्या, म्हणजे भागांच्या धारदार कडा घासण्याच्या टेबलावर शिकाऊ उमेदवार म्हणून लागले आणि पेनिट्रंट तपासणीच्या, म्हणजे चमकणाऱ्या द्रवाने बारीक भेगा शोधण्याच्या अंधाऱ्या खोलीतून निवृत्त झाले. मधल्या काळात कारखाना वाढताना पाहिला, आक्रसताना पाहिला आणि पुन्हा वाढताना पाहिला. आज मी कुणाच्या नोकरीत नाही, कुणाकडे मला काही मागायचंही नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते आहे.

मागणी खरी आहे, यात शंका नाही. एकट्या एअरबसकडे 8,000 हून जास्त विमानांच्या ऑर्डर पडून आहेत. ए320 कुळातली विमानं महिन्याला 75 पर्यंत न्यायची हे तिचं उद्दिष्ट, आणि त्याची तारीख पुढे पुढे जाते आहे. त्याला इतर कारणं असतील, पण सुटे भाग वेळेवर पोचत नाहीत हे त्यातलं मोठं कारण. इंजिनं, लँडिंग गिअर, फोर्जिंग, कास्टिंग, अगदी प्रवाशांच्या सीटसुद्धा. म्हणून तर आपण नवी शेड बांधताय, पाच अक्षांची सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी धातू कापायची यंत्रं मागवताय, पृष्ठप्रक्रियेची नवी लाइन टाकताय. आणि त्याबरोबर बातमी येते, तिच्या मथळ्यात एक आकडा असतो : इतके नवे रोजगार.

मला बोलायचंय ते या आकड्याबद्दल.

या धंद्यातली नोकरी चांगली असते. एकदा एखाद्या विमानाचं काम मिळालं की ते पिढीभर चालतं. बोइंग 737 पहिल्यांदा उडालं 1967 मध्ये, एअरबस ए320 1987 मध्ये, आणि दोन्ही कुळांतली विमानं आजही बनताहेत. बनवलेलं विमान पुढे साधारण वीस-पंचवीस वर्षं उडतं, तितकी वर्षं त्याला बदली भाग लागतात. ज्या गावात असा कारखाना नीट रुजतो तिथल्या एका पिढीचं घर चालतं आणि दुसरीचं शिक्षण होतं. इतक्या लांब पल्ल्याची हमी फार थोड्या उद्योगांत सापडेल. म्हणूनच हे रोजगार कागदावर निर्माण होऊन विरून गेले तर मला जास्त हळहळ वाटते.

बातमीतला आकडा बहुतेक वेळा यंत्रांवरून काढलेला असतो. इतकी यंत्रं, प्रत्येकावर इतक्या शिफ्ट, म्हणजे इतकी माणसं, वर ऑफिस आणि स्टोअर. यंत्राची ऑर्डर आधी जाते, इमारत उभी राहते, यंत्र येतं, बसतं, आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की चालवायला माणसं हवीत. घाईघाईने भरती होते. आलेल्या मुलांना चार दिवस सुरक्षेचे आणि गुणवत्तेचे वर्ग, मग एखाद्या जुन्या ऑपरेटरच्या शेजारी उभं करायचं. त्या जुन्या ऑपरेटरचं रोजचं टार्गेट मात्र तेवढंच. तो शिकवणार कधी?

एका कामाचं उदाहरण देते, सगळ्यात साध्या समजल्या जाणाऱ्या. मिलिंग यंत्रातून अॅल्युमिनियमचा ब्रॅकेट बाहेर येतो तेव्हा त्याच्या कडांना धातूची बारीक, धारदार किनार राहिलेली असते. तिला सगळे बर म्हणतात. ड्रॉइंगवर सूचना असते : कडा मोडा, 0.2 ते 0.5 मिलिमीटर. नव्या मुलीच्या हातात स्क्रेपर, कानस आणि भिंग दिलं जातं. कमी घासलं तर बर राहते, आणि भाग हायड्रॉलिकचा असला तर ती सुटून तेलाबरोबर थेट व्हॉल्व्हपर्यंत जाऊ शकते. जास्त घासलं तर कड मापाबाहेर, भाग भंगारात. स्क्रेपर घसरून पृष्ठभागावर ओरखडा उठला तर पुढे हजारो उड्डाणांच्या ताणात तिथूनच भेग सुरू व्हायला वाव मिळतो. आतल्या आत दोन भोकं एकमेकांना छेदतात तिथली बर नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही, बोअरस्कोप, म्हणजे आत डोकावायची बारीक नळीसारखी दुर्बीण घालून शोधावी लागते.

मला हे काम ज्या बाईंनी शिकवलं त्या फार बोलत नसत. भाग दिव्याखाली तिरका धरायच्या, हळूहळू फिरवायच्या, कड जिथे वेगळी चमकते तिथे थांबायच्या आणि तसाच्या तसा माझ्या हातात द्यायच्या. काय दिसलं ते मी सांगायचं. सांगता आलं नाही तर पुन्हा फिरवायचा. कुठल्याही कार्यपद्धतीच्या कागदावर हे लिहिलेलं नव्हतं आणि लिहिता आलंही नसतं. त्यांना तेवढी सवड होती, कारण त्या काळच्या सुपरवायझरने शिकवण्याचे तास वेगळे धरले होते. भागांच्या मोजणीत ते तास येत नसत.

तपासणीच्या खोलीत तर याहून जास्त काळ जातो. भाग स्वच्छ करून चमकणाऱ्या द्रवात बुडवायचा, द्रव भेगेत शिरायला निदान दहा मिनिटं द्यायची, वरचा द्रव काढायचा, डेव्हलपरची पावडर लावायची आणि अंधारात अतिनील दिव्याखाली बघायचं. खोलीत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत किमान एक मिनिट थांबावं लागतं, तसा नियमच आहे. उन्हात रंग बदलणाऱ्या काचांचा चष्मा चालत नाही. जवळच्या नजरेची चाचणी दरवर्षी द्यावी लागते. भेग असली तर हिरवट पिवळी रेघ उजळते. पण साधा ओरखडा उजळतो, नीट न धुतलेली कडही उजळते. यातली खरी रेघ कोणती हे ओळखायला शेकडो भाग डोळ्यांखालून जावे लागतात, तेही शेजारी जाणकार माणूस बसलेला असताना. म्हणूनच या कामाला प्रशिक्षणाचे आणि अनुभवाचे ठरावीक तास भरल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. हे तास पैसे टाकून कमी करता येत नाहीत आणि ओव्हरटाइम लावून उरकता येत नाहीत.

19 जुलै 1989 रोजी युनायटेड एअरलाइन्सचं उड्डाण 232, डीसी-10 विमान, अमेरिकेतल्या सू सिटीला कोसळलं. 296 जणांपैकी 112 दगावले. शेपटीकडच्या इंजिनाची टायटॅनियमची फॅन डिस्क हवेतच फुटली होती. धातू वितळवतानाच तिच्यात एक दोष राहून गेला होता, त्यातून भेग वाढत गेली, आणि इंजिनाच्या देखभालीच्या वेळी ती पेनिट्रंट तपासणीत दिसायला हवी होती. दिसली नाही. चौकशी करणाऱ्या अमेरिकी मंडळाने ठपका ठेवताना तपासणी करणाऱ्या माणसाच्या मर्यादांचा पुरेसा विचार झाला नव्हता, याकडे बोट दाखवलं. माझ्या खोलीत नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी हा प्रसंग सांगत असे. घाबरवायला नव्हे. आपण बघतोय ते का बघतोय, हे कळायला.

कारखान्यात एखाद्याला, तपासलेला भाग पास केल्याची खूण म्हणून मारायचा स्वतःच्या क्रमांकाचा स्टॅम्प मिळतो त्या दिवशी तो खऱ्या अर्थाने नोकरीला लागतो, असं मी मानते. त्याआधी तो पगार घेतो, हजेरी लावतो, राबतोही, पण त्याने पाहिलेला भाग दुसऱ्या कुणीतरी पुन्हा पाहावा लागतो. माझी पहिली मागणी यातूनच निघते. आपण रोजगाराचा आकडा जाहीर कराल तेव्हा पहिल्या वर्षी, दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी किती माणसं स्वतःच्या जबाबदारीवर काम करायला तयार होतील, तो आकडा द्या. त्यात कायम किती आणि कंत्राटी किती, हेही सांगा. तो आकडा लहान असेल. पण तो खरा असेल, आणि ज्या गावातली मुलं त्या बातमीवर विसंबून दुसरीकडची संधी सोडतात त्यांना निदान कशावर विसंबायचं ते कळेल.

घाईत वाढवलेल्या कारखान्यात काय होतं, हे शोधायला फार मागे जायला नको. 5 जानेवारी 2024 रोजी अलास्का एअरलाइन्सच्या 737 मॅक्स 9 विमानाचा दरवाजाच्या जागी बसवलेला प्लग हवेत असताना निखळून गेला. तो धरून ठेवणारे चार बोल्ट मुळात बसवलेलेच नव्हते. बोइंगच्या रेंटनच्या कारखान्यात, पुरवठादाराकडून आलेल्या सांगाड्यातले खराब रिव्हेट दुरुस्त करायला प्लग उघडला गेला, उघडल्याची नोंद झाली नाही, आणि नोंद नाही म्हणून परत बसवल्यावर तपासणीही झाली नाही. असा प्लग उघडण्याचा अनुभव असलेला माणूस त्या दिवशी रजेवर होता. जून 2025 मध्ये अमेरिकी वाहतूक सुरक्षा मंडळाने कारण नोंदवलं ते उत्पादन विभागातल्या माणसांना पुरेसं प्रशिक्षण, मार्गदर्शन आणि देखरेख न मिळाल्याचं. त्या रात्री कुणी दगावलं नाही हे नशीब. त्यानंतर अमेरिकी विमान नियामकाने बोइंगला महिन्याला 38 च्या वर 737 मॅक्स बनवायला मनाई केली. म्हणजे माणसं तयार करायला वेळ दिला नाही, आणि मग वाढच थांबवावी लागली. त्या मर्यादेची झळ मागच्या साखळीतल्या किती लहान पुरवठादारांना बसली असेल, याचा हिशोब आपल्यासारख्यांनीच करायचा आहे.

विमानांची इंजिनं बनवणाऱ्या रोल्स-रॉइसचं प्रकरण मला याहून जास्त विचारात पाडतं, कारण त्यात निष्काळजी माणूस कुणीच दिसत नाही. 4 नोव्हेंबर 2010 ला ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासच्या ए380 विमानाचं, रोल्स-रॉइसने बनवलेलं ट्रेंट 900 इंजिन सिंगापूरहून उडाल्यावर थोड्याच वेळात फुटलं. विमानात 469 माणसं होती, सगळी सुखरूप उतरली. कारण सापडलं ते तेल नेणाऱ्या एका बोटभर नळीत. तिचं आतलं भोक मोठं करताना मध्य सरकला होता, त्यामुळे एका बाजूची भिंत पातळ झाली. तिला भेग पडली, तेल गळलं, आग लागली, टर्बाइनची डिस्क फुटली. ऑस्ट्रेलियाच्या चौकशी अहवालात ती नळी बनवणाऱ्या कारखान्यातल्या एका सवयीबद्दल लिहिलं आहे : आपल्या मते किरकोळ असलेले दोष नोंदवले नाहीत तरी चालतं, अशी तिथल्या उत्पादनातल्या माणसांची धारणा झाली होती.

ही धारणा कुठून येते हे मी जवळून पाहिलं आहे. नव्या मुलाने पहिला संशय बोलून दाखवला की सुपरवायझर घड्याळाकडे बघतो. दुसऱ्यांदा बोलला की रीवर्कचा, म्हणजे पुन्हा कराव्या लागलेल्या कामाचा तक्ता पुढे करतो. तिसऱ्यांदा तो मुलगा बोलत नाही. कारखाना वाढत असताना हे सगळ्यात जास्त घडतं, कारण तेव्हा नवी माणसं सगळ्यात जास्त असतात आणि डिलिव्हरीची तारीख सगळ्यात जवळ असते. आपल्या कारखान्यात एखाद्या उमेदवाराने भाग थांबवला आणि तो शेवटी निर्दोष निघाला, तर त्याला काय ऐकावं लागतं? संचालकांनी एकदा शॉप फ्लोअरवर उतरून एवढंच विचारावं. व्यवस्थापकाला नको, उमेदवाराला.

आता पैशाचं बोलते, कारण मंडळाच्या बैठकीत शेवटी विषय तिथेच येतो.

थिओडोर राइट नावाच्या अभियंत्याने 1936 मध्ये विमाननिर्मितीच्या खर्चावर लेख लिहिला. एकूण बनवलेल्या विमानांची संख्या दर वेळी दुप्पट झाली की एका विमानाला लागणारी मजुरी साधारण 20 टक्क्यांनी उतरते, असं त्यात दाखवलं. शिकण्याचा वक्र म्हणून उद्योगजगत आज जे सगळीकडे वापरतं ते या आपल्याच धंद्यातून निघालं आहे. आपला कोटेशन विभाग आजही त्यावरच चालतो. पहिल्या शंभर भागांवर तोटा सोसायचा, पाचशेनंतर नफा धरायचा, आणि ग्राहकाला दर वर्षी भाव उतरवून द्यायचं वचन द्यायचं. पण हा वक्र यंत्रात नसतो, तो माणसांच्या हातात असतो. माणसं गेली की तो मागे सरकतो. सी. लॅनियर बेंकार्ड या अर्थशास्त्रज्ञाने लॉकहीडच्या ट्रायस्टार विमानाच्या उत्पादनाचा अभ्यास 2000 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात हेच दिसलं : उत्पादन घटलं तसं कमावलेलं कसब विसरलं गेलं, आणि पुढची विमानं स्वस्त व्हायच्या ऐवजी पुन्हा जास्त मजुरी खाऊ लागली. एकूण 250 ट्रायस्टार बनली आणि 1984 मध्ये उत्पादन बंद पडलं. भाव ठरवताना आपण शिकण्याचा हिशोब धरता, मग माणसं कमी करताना विसरण्याचा का धरत नाही?

गंमत नाही, आपल्या गुणवत्तेच्या नियमांना हे ठाऊक आहे. कुठल्याही नव्या भागाचं पहिलं नमुना परीक्षण करतो तेव्हा ड्रॉइंगवरचं प्रत्येक माप, प्रत्येक सूचना एकेक करून पडताळतो. आणि त्या भागाचं उत्पादन दोन वर्षं थांबलं तर ते परीक्षण पुन्हा करावं लागतं. ड्रॉइंग तेच, यंत्र तेच, प्रोग्राम तोच, तरी पुन्हा. कारण दोन वर्षांत काहीतरी हरवलेलं असणार हे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरलं आहे. कागदावर न उतरणारं जे असतं ते माणसाबरोबरच जातं.

मंदी येणार, हे विस्ताराच्या दिवसांत कुणालाच ऐकायचं नसतं, पण ती येते. 2018 मध्ये बोइंगने 806 विमानं दिली, 2020 मध्ये 157. एअरबसची 2019 मधली 863 विमानं 2020 मध्ये 566 वर आली. मधे दोन गोष्टी घडल्या : मॅक्स विमानांचे दोन अपघात होऊन मार्च 2019 मध्ये जगभर त्यांची उड्डाणं थांबली, आणि मग महामारी. अमेरिकेतल्या विचिटामधली स्पिरिट एअरोसिस्टम्स ही तेव्हा मॅक्सचा सांगाडा बनवणारी स्वतंत्र कंपनी होती. तिचं निम्म्याहून जास्त उत्पन्न या एका विमानावर होतं. 10 जानेवारी 2020 ला तिने 2,800 जणांना कमी करत असल्याचं जाहीर केलं. पुढे मागणी परतली तेव्हा त्या साखळीत सगळ्यांचीच ओरड सुरू झाली की हाताला माणसं नाहीत. गेलेल्यांपैकी बरेच परतत नाहीत. वयाने मोठे असतील तर निवृत्ती घेतात, तरुण असतील तर कमी बेभरवशाचा धंदा शोधतात. त्यांना दोष कसा देणार?

जर्मनीत अशा वेळी कुर्झआर्बाइटची सोय आहे. कंपनी कामाचे तास कमी करते, माणूस नोकरीत राहतो, बुडालेल्या पगाराचा मोठा भाग सरकारी विम्यातून भरला जातो. 2008 च्या मंदीत ही पद्धत चालली, 2020 मध्ये तिची मुदत 24 महिन्यांपर्यंत वाढवली गेली. सगळीकडे अशी सरकारी सोय नसते, हे मला कळतं. पण तासांची कपात, आळीपाळीची रजा, मंदीच्या दिवसांत प्रशिक्षण आणि भाग पकडून ठेवणाऱ्या जुन्या फिक्श्चरची दुरुस्ती, एवढं तर कंपनीच्या स्वतःच्या हातात असतं. तेजीच्या प्रत्येक वर्षी नफ्यातला थोडा भाग यासाठी वेगळा ठेवायचा ठराव आज करता येईल. मंदी दारात आल्यावर तो ठराव कुणी करत नाही.

आणि माणसं आधी कशी तयार करायची, याचे नमुने डोळ्यांसमोर आहेत. जर्मनीत मशिनिस्टची उमेदवारी साडेतीन वर्षांची असते, शाळा आणि कारखाना दोन्हीकडे मिळून. मेक्सिकोतल्या केरेतारोला कॅनडाच्या बॉम्बार्डिए या विमान कंपनीचा कारखाना आला तेव्हा त्याच्या जोडीने 2007 मध्ये वैमानिकी उद्योगासाठी स्वतंत्र विद्यापीठ निघालं. मोरोक्कोत कासाब्लांकाजवळ तर विमान उद्योगातल्या कंपन्यांच्या संघटनेनेच 2011 मध्ये प्रशिक्षण संस्था उघडली. ही ठिकाणं या उद्योगात नवखी होती, आज जगभरच्या विमानांना तिथून भाग जातात. तिथल्या मजुरीचा दर हेही एक कारण आहे, ते नाकारत नाही. पण स्वस्त मजुरी असलेली गावं जगात पुष्कळ आहेत, विमानाचे भाग बनवणारी थोडीच आहेत.

म्हणून माझी दुसरी मागणी अशी की, यंत्राची ऑर्डर देता त्याच आठवड्यात माणसांची पहिली तुकडी घ्या. पाच अक्षांचं यंत्र यायला महिनोन्महिने लागतात, तेवढ्यात ती तुकडी जुन्या यंत्रांवर, डीबरिंगच्या टेबलावर, मोजणीच्या खोलीत फिरू द्या. यंत्र बसेल त्या दिवशी त्याच्यासमोर उभं राहणाऱ्याला टायटॅनियम कापताना आवाज बदलला तर काय समजायचं हे ठाऊक असेल. टायटॅनियमच्या भागात विकत घेतलेल्या धातूचा मोठा वाटा भुग्यात जातो. एका चुकीने भंगारात गेलेल्या भागाच्या किमतीत उमेदवाराचा कित्येक दिवसांचा पगार बसेल, हा हिशोब आपल्या वित्त विभागाला माझ्यापेक्षा चांगला करता येईल.

शिकवणाऱ्यांचं काय, हे सर्वांत महत्त्वाचं. जुन्या माणसाच्या गळ्यात दोन उमेदवार घालायचे आणि त्याचं टार्गेट तसंच ठेवायचं, ही पद्धत बंद करा. शिकवणाऱ्याचं टार्गेट कमी करा, शिकवण्याचा भत्ता द्या, आणि त्याची बढती त्याने किती माणसं तयार केली यावरही ठरू द्या. निवृत्तीला आलेल्या सेटरना, म्हणजे यंत्र कामाला लावून देणाऱ्यांना, आणि तपासनीसांना अर्धवेळ ठेवून घ्या. त्यांच्यातल्या कितीजणांना निरोपाचा नारळ देऊन घरी पाठवताना आपण त्यांच्याबरोबर काय पाठवतोय, याची कल्पना मंडळाला नसते. कुणी सांगितलेलंच नसतं.

कंत्राटी कामगारांबद्दल एकच सांगते. काही कामं कंत्राटाने होऊ शकतात. पण भागाला हात लावणारा, मोजणारा, सही करणारा माणूस दर काही महिन्यांनी बदलत असेल तर आपण दर काही महिन्यांनी नवा कारखाना सुरू करतोय असं समजा. शिवाय ज्याला पुढच्या तिमाहीत आपण इथे असू की नाही हे माहीत नाही, तो स्वतःची चूक कशाला दाखवेल? आपल्या धंद्यात स्वतःची चूक स्वतः दाखवणाऱ्या माणसाइतकी मोलाची दुसरी गोष्ट नाही.

मुलींची भरती वाढते आहे, ते चांगलं आहे. फक्त त्यांना डीबरिंग, पॅकिंग, वायरिंगवर ठेवून थांबू नका. सेटिंगवर, प्रोग्रामिंगवर, रात्रीच्या शिफ्टच्या प्रमुखपदावर त्या कधी जातील, ते आजच ठरवा. मला स्टॅम्प मिळायला माझ्याबरोबरच्या मुलांपेक्षा जास्त थांबावं लागलं होतं. कारण कुणी सांगितलं नाही, आणि विचारायची तेव्हा रीत नव्हती.

पुरवठा साखळीत आपल्या खाली जे लहान वर्कशॉप आहेत, त्यांनाही या योजनेत घ्या. आपण वाढलात की त्यांच्यावर कामाचा बोजा पडतो, मग तयार माणसं पळवली जातात ती त्यांच्याकडूनच. आपल्या आकड्यात एक रोजगार वाढतो, त्यांच्यात एक घटतो, आणि त्यांच्याकडचा भाग उशिरा आला म्हणून शेवटी आपलीच लाइन थांबते. प्रशिक्षण केंद्र उभारणार असाल तर त्यातल्या काही जागा त्यांच्या कामगारांसाठी राखून ठेवा.

जमीन, वीज, करसवलत या रूपात जनतेचा पैसा विस्ताराला मिळत असेल, तर सरकारकडे बसलेल्यांनाही यातलं काही लागू होतं. सवलतीच्या करारात यंत्रांवरची गुंतवणूक किती हे बारकाईने लिहिलेलं असतं. प्रशिक्षित माणसं किती आणि तीन वर्षांनी त्यातली कामावर किती, हेही तितक्याच बारकाईने लिहा, आणि ते भरलं तरच पुढचा हप्ता द्या. कंपन्या नाराज होतील असं मला वाटत नाही. ज्यांना खरोखर माणसं उभी करायची आहेत त्यांना अशा अटीचा फायदाच होईल, कारण घाई करणारा प्रतिस्पर्धी त्याच नियमाने बांधला जाईल.

आपल्या पुढच्या बैठकीत विस्ताराचा आराखडा मांडला जाईल, तेव्हा यंत्रांच्या वेळापत्रकाशेजारी माणसांचं वेळापत्रक मागा. कोणत्या महिन्यात किती उमेदवार येणार, त्यांना कोण शिकवणार, त्या शिकवणाऱ्याचं टार्गेट किती कमी होणार, तपासणीच्या खोलीत प्रमाणपत्र असलेला पुढचा माणूस कधी तयार होणार, आणि मागणी निम्म्यावर आली तर यातलं कोण राहणार. हा कागद तयार नसेल तर तो तयार होईपर्यंत रोजगाराच्या आकड्याची बातमी छापायला देऊ नका.

हा कागद बनवायला आपल्याला शॉप फ्लोअरवरचं कुणी हवं असेल, तर आपल्याच कारखान्यात अशी माणसं आहेत. त्यांना बैठकीला बोलवा.

कळावे,

आपली,
विमानांच्या सुट्या भागांची एक निवृत्त तपासनीस